विंचू उतरवणाऱ्याचा पोरगा: वारशात मिळालेली 'शक्ती' सुटता सुटत का नाही?

कोकणात विंचू चावला की एकेकाळी पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "उतरवणारा घरी आहे का बघ रे!"

उतरवणारा म्हणजे विंचवाचं विष उतरवणारा. हातात कडुलिंबाचा डहाळा, तोंडातल्या तोंडात मंत्र आणि मधूनमधून एकच विचारणा, "कुठवर आलं? कोपरापर्यंत आलं का?" तास-दोन तासांत माणूस शांत व्हायचा. घरचे सुटकेचा श्वास सोडायचे. 'उतरला' म्हणायचे.

पुढे हा उतरवणारा म्हातारा होतो आणि त्याच्या जागी त्याचा पोरगा बसतो.

सिनेमात किंवा वेब सिरीजमध्ये ही गोष्ट आपण अनेकदा पाहिली आहे. घराण्यात चालत आलेली जादुई शक्ती तरुण पोराच्या हाती येते, तिची चटक लागते आणि शेवटी तो पोरगाच नासतो. पण शक्ती, चटक आणि नासणं ही साखळी खऱ्या आयुष्यातही असते का? असेल तर तिच्यात जादू कुठे असते?

रायगडच्या किनाऱ्यावरून याचं उत्तर शोधता येतं.

रेवदंडा, चौल आणि मंत्रांचा मुलूख

अलिबागहून मुरूडकडे जाताना कुंडलिका खाडीच्या मुखाशी रेवदंडा लागतं. पोर्तुगीज किल्ल्याचा कोट, नारळी-पोफळीच्या वाड्या, खाडीपलीकडे कोर्लई आणि शेजारी चौल. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. ग्रीक-रोमन व्यापारी त्याला 'सेमिल्ला' म्हणायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी इथेच उतरला होता. थोडक्यात काय, तर बाहेरचं जग इथे फार लवकर पोहोचलं होतं.

तरीही डॉक्टर पोहोचायला वेळ लागला. वाडीतल्या सुक्या झावळ्या, पेंढ्याची उडवी, लाकडांचा ढीग, दगडी गडगे या सगळ्या साप-विंचवांच्या आवडत्या जागा. रात्री-अपरात्री कुणाला काही चावलं तर दवाखाना लांब आणि भगत जवळ. आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी अशा इथल्या अनेक समाजांना 'भगत' हा शब्द ओळखीचा आहे. तळकोकणात यालाच जोडून 'देवस्की' हा शब्द येतो.

या समजुतींची नोंदही जुनी आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याचा १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी वध केला, त्याला लोककथा आणि लोकसमजुती जमवण्याचा नाद होता. कोकणातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडून ही माहिती गोळा झाली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ती संपादित केली आणि १९१५ मध्ये कोकणचा भाग छापून आला. त्यात तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचीही माहिती आहे. आजचा रायगड जिल्हा तो हाच.

मंत्र वारशाने येतो, पण नियमांसकट

बापाने पोराला मंत्र दिला आणि झालं, इतकं हे सोपं नव्हतं. घराण्यांप्रमाणे नियम बदलायचे, पण काही नियम महाराष्ट्रभर ऐकायला मिळतात.

- मंत्र गुप्त ठेवायचा. मरण्याआधी एकालाच सांगायचा.
- ग्रहणात पाण्यात उभं राहून जप करायचा, नाहीतर मंत्र 'बाटतो'.
- बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले की गुण जातो.

यातले शेवटचे दोन नियम नीट बघितले तर ते ब्रेकसारखे आहेत. ज्याच्या हातात गावाचा जीव आहे असं गाव मानतं, त्याने गावाला लुटू नये म्हणून घातलेले ब्रेक. पहिला नियम मात्र उलट्या दिशेने काम करतो. मंत्र गुप्त असला की तो तपासता येत नाही. पोराच्या हाती जे येतं ते त्याने स्वतः कधीच पारखलेलं नसतं.

मग मंत्राने बरं कसं वाटायचं?

कारण बहुतेक विंचूदंशांत माणूस तसाही बरा होणारच असतो.

विंचवांच्या बऱ्याच जातींच्या दंशाने भयंकर वेदना होतात, पण जीव जात नाही. काही तासांनी वेदना आपोआप ओसरते. सापांचंही तसंच. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसं विष सोडतोच असं नाही. म्हणजे उतरवणाऱ्याकडे आलेली बहुतेक माणसं चालत घरी जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. त्यात जवळ बसून कुणीतरी धीर देतंय, लक्ष दुसरीकडे वळवतंय, म्हटल्यावर घाबरलेला माणूस लवकर सावरतो. श्रेय मंत्राला मिळतं.

प्रश्न उरतो तो थोड्या लोकांचा. कोकणातला लाल विंचू हा या थोड्यांसाठी काळ ठरायचा. त्याच्या विषाने दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर प्रचंड ताण येतो आणि फुप्फुसात पाणी होतं. लहान मुलं तर पटकन दगावायची.

यावरचा उपायही याच जिल्ह्यातून जगाला मिळाला. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत जात होते आणि वैद्यकीय पुस्तकांत त्यावर नेमका उपाय नव्हता. बावस्करांनी एकेका रुग्णाजवळ बसून लक्षणं लिहून काढली. हृदयावर नेमकं काय होतंय ते ओळखलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्रॅझोसिन हे औषध वापरून पाहिलं. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष छापून आले. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बावस्कर आणि उतरवणारा, दोघांसमोर एकच विंचू होता. बावस्करांनी मेलेल्या रुग्णांचाही हिशोब ठेवला. मंत्राच्या परंपरेत फक्त बरे झालेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. गेलेल्याच्या बाबतीत 'आणायला उशीर झाला' किंवा 'त्याची वेळच भरली होती' असं म्हणून विषय संपतो. पोराच्या कानावर लहानपणापासून पडतो तो फक्त बापाच्या यशाचा पाढा.

पोरगा अडकतो कसा?

समजा, रेवदंड्याच्या आसपासच्या एखाद्या वाडीतला २२ वर्षांचा पोरगा आहे. शिक्षण अर्धवट, कंपनीत कंत्राटी काम, तेही कधी असतं कधी नसतं. घरात त्याचं कुणी ऐकत नाही, गावात कुणी विचारत नाही. बाप जातो आणि दहा दिवसांत दारात एक बाई लेकराला घेऊन उभी राहते. "तुझा बाप द्यायचा तसा अंगारा दे."

तो घाबरत घाबरत देतो. दुसऱ्या दिवशी लेकराचा ताप उतरतो. ताप तसाही उतरणारच होता, पण हे त्याला कोण सांगणार? त्या दिवसापासून आईच्या वयाच्या बायका त्याला 'अहो' म्हणायला लागतात.

इथे मेंदू काय करतो, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९४८ च्या प्रयोगातून समजतं. त्याने भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतराने काहीही केलं तरी दाणे मिळणारच होते. पण दाणे पडताना जे कबूतर जी हालचाल करत होतं, तीच ते पुन्हा पुन्हा करायला लागलं. एक गोल गोल फिरायचं, दुसरं मान झटकायचं. ८ पैकी ६ कबुतरांनी स्वतःचे असे 'विधी' तयार केले. दाणे आपल्यामुळेच पडतात अशी जणू त्यांची खात्री झाली होती.

पुढे स्किनर आणि इतरांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. बक्षीस दर वेळी मिळालं तर ते बंद झाल्यावर सवयही लवकर सुटते. बक्षीस कधी मिळतं आणि कधी नाही, याचा भरवसा नसेल तर मात्र सवय चिवट होते. जुगार यावरच चालतो. रील टाकल्यावर दर पाच मिनिटांनी लाइक मोजायला फोन उघडणारा माणूसही याच गळाला लागलेला असतो.

भगताच्या गादीवर नेमकं हेच घडतं. दहा माणसं येतात, सहा-सात बरी होतात, नक्की कोण होणार ते माहीत नसतं. प्रत्येक वेळी छातीत धडधड होते आणि प्रत्येक यशाबरोबर गावाची मान थोडी आणखी झुकते. ही नशा मंत्राची नाही. आपल्यासमोर झुकलेल्या मानांची आहे.

म्हणजे वारशात पोराला शक्ती मिळालेलीच नसते. बापाने ३०-४० वर्षांत, बऱ्याचदा फुकट काम करून, गावाचा जो विश्वास कमावला तो त्याला मिळतो. न कमावता मिळालेला विश्वास म्हणजे न कमावता मिळालेला पैसा. उधळायला वेळ लागत नाही.

खोटं उघड करायला गेला आणि स्वतःच मांत्रिक झाला

यावर जगभरात सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण कॅनडाचं आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्युट्ल या आदिवासी समाजातला क्वेसलिड नावाचा तरुण. त्याचा मांत्रिकांवर विश्वास नव्हता. त्यांचं बिंग फोडायचं म्हणून तो त्यांच्यात सामील झाला आणि सगळी हातचलाखी शिकला. तोंडात पिसांचा छोटा गोळा लपवायचा, हिरडी चावून तो रक्तात भिजवायचा आणि रुग्णाच्या अंगातून 'रोग' चोखून काढला म्हणून थुंकून दाखवायचा.

बिंग फोडण्याआधीच एका आजारी माणसाच्या घरून बोलावणं आलं. हाच आपल्याला बरं करणार, असं त्या रुग्णाला स्वप्न पडलं होतं. क्वेसलिडने तोच प्रयोग केला आणि रुग्ण बरा झाला. त्याचं नाव झालं. दुसऱ्या गावचे मांत्रिक त्याच्यापुढे फिके पडले, त्यातल्या एकाने तर गुपित सांग म्हणून गयावया केली. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने ही हकिकत १९३० मध्ये छापली आणि क्लोद लेव्ही-स्त्रॉसने १९४९ च्या निबंधात तिचा अर्थ लावला. त्याचं म्हणणं असं की क्वेसलिड मोठा मांत्रिक झाला त्याचं कारण त्याचे रुग्ण बरे होत होते एवढंच नव्हतं. लोकांनी त्याला मोठा मांत्रिक मानलं, म्हणून त्याचे रुग्ण बरे होत होते. शेवटी शेवटी तर आपण खोटं उघडं पाडायला आलो होतो, हेही तो जवळपास विसरला होता.

सगळं खोटं आहे हे माहीत असलेला तरुणही त्यातून सुटला नाही. मग लहानपणापासून ते खरं मानून वाढलेला पोरगा कसा सुटणार?

लोककथांना हे आधीच माहीत होतं

आपल्या जुन्या गोष्टींत एक ठरलेली गोष्ट आहे. मांत्रिक वेताळ किंवा भूत वश करतो. भूत म्हणतं, सांगशील ते काम करीन, पण मला रिकामं ठेवायचं नाही. काम संपलं की तुलाच खाईन. मग मांत्रिक कामं शोधत सुटतो. आधी गरजेची, मग हौसेची, मग कुणाचं तरी वाईट करणारी.

व्यसनाचं यापेक्षा नेमकं वर्णन शोधून सापडणार नाही. 'विद्या उलटते' हा शब्दप्रयोग आणि 'मूठ मारणाऱ्याचा वंश टिकत नाही' ही समजूत याच अनुभवातून आली असणार. एकनाथांनी तर विंचू उतरवण्याच्या विधीवरच भारूड रचलं. त्यांच्या भारुडातला विंचू अंगणातला नाही, काम-क्रोधाचा आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. उतरवणाऱ्यालाच विंचू चावू शकतो, ही शंका आपल्या संतांना चारशे वर्षांपूर्वीच आली होती.

नासायला सुरुवात होते कुठून?

बहुतेक वेळा तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी, पैसा. 'नारळ-अगरबत्तीपुरते' म्हणून सुरू होतं. पैसे घ्यायचे नाहीत हा ब्रेक एकदा काढला की तो परत बसत नाही.

दुसरी पायरी, पसारा. बाप फक्त विंचू उतरवायचा. पोराकडे लोक नोकरी, लग्न, मूलबाळ, कोर्टातली केस, गुप्तधन घेऊन येतात. 'हे माझं काम नाही' म्हटलं तर दबदबा कमी होतो, म्हणून तो नाही म्हणत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये '२४ तासांत रिझल्ट' अशी पत्रकं चिकटवणारे बाबा आपण वर्षानुवर्षं पाहतोय. आता तीच पत्रकं मोबाइलवर आली आहेत, खाली क्यूआर कोडसकट.

तिसरी पायरी सगळ्यात धोकादायक. उपाय फसला की कारण द्यावं लागतं. मंत्र खोटा म्हणता येत नाही, मग कुणीतरी 'केलंय' म्हणावं लागतं. कुणी? शेजारच्या विधवेने, भावकीतल्या म्हातारीने, जमिनीचा वाद असलेल्या चुलत्याने. एका करणीच्या संशयावरून घरं तुटतात, वाळीत टाकलं जातं, मारहाण होते, खूनही पडतात. आपली अब्रू वाचवायला पोराने टाकलेलं एक नाव कुणाचं तरी आयुष्य संपवू शकतं.

आणि या सगळ्यात वेळ जातो तो वेगळाच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. दंशानंतरचा पहिला तास-दीड तास मांत्रिकाच्या अंगणात घालवणं, हे यामागच्या कारणांपैकी एक आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. करणी केल्याचा आरोप करून कुणाचं जगणं मुश्कील करणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून फसवणूक, हेही त्यात येतं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे तक्रार थेट पोलीस ठाण्यात करता येते.

'मग हा कायदा देवाच्या विरोधात आहे का?' हा नेहमीचा प्रश्न. तर नाही. पूजा, वारी, कीर्तन, यात्रा, नवस यांना तो हात लावत नाही. श्रद्धा आणि उपचार वेगळे करता येतात, याचं उदाहरण चौलमध्येच आहे. तिथलं शीतळादेवीचं मंदिर प्रसिद्ध आहे. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. लसीकरणामुळे तो रोग भारतातून १९७५ मध्ये गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातूनच संपल्याचं जाहीर केलं. रोग गेला, मंदिर राहिलं. लोक आजही श्रद्धेने जातात आणि त्याने कुणाचाही जीव धोक्यात येत नाही.

मग त्या पोराचं काय?

दंश झाला तर काय करायचं, हे आधी लक्षात ठेवा. चावलेला भाग हलवू नका, कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.

गादीवर बसलेल्या पोराला फक्त 'भोंदू' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सुरुवातीच्या दिवसांत तो बहुधा भोंदू नसतो. त्याच्या हातात बापाची जागा आलेली असते आणि ती नाकारणं म्हणजे बापाला खोटं ठरवणं, असं त्याला वाटतं. त्याला बाहेर पडायला वाट लागते.

अशी एक वाट मेळघाटात चाचपून पाहिली गेली. तिथल्या भूमकांना, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकांना, विरोधक न मानता प्रशिक्षण द्यायचं आणि आजारी माणसाला त्यांनीच आरोग्य केंद्रात पाठवावं, असे प्रयत्न झाले. त्यामागचा विचार साधा आहे. परक्या डॉक्टरपेक्षा गाव भूमकाचं आधी ऐकतं. मग तोच विश्वास दवाखान्याकडे वळवायचा.

वारशात मिळालेल्या विश्वासाचा हा सगळ्यात चांगला उपयोग. रात्री दोन वाजता विंचू चावलेलं पोर घेऊन माणसं दारात उभी असतात. डॉक्टर, शिक्षक, पोलीस, कार्यकर्ता यांपैकी कुणाचंही ते त्या वेळी ऐकणार नाहीत. ऐकतील ते फक्त त्याचं. तो म्हणाला, "गाडी काढा, मी पण येतो. आधी अलिबागला चला," तर ते निमूटपणे निघतील.